ओतण्याआधी



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या बहुतेक भट्ट्या थंड झालेल्या असतील. बिहार-उत्तर प्रदेशची पोरं छठसाठी गावाकडं निघालेली असतील. एरवी रात्रंदिवस ट्रकांच्या रांगा लागलेल्या सांगली फाट्यावर चहाच्या टपरीवाल्यालाही दोन मिनिटं बसायला मिळेल. वर्षभर कानात घुमणारा आवाज थांबला की माणूस जरा मागं वळून बघतो. यंदाचं संपादकीय त्या मोकळ्या वेळातच लिहिलं आहे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘संगणक आणि शहर’ असा ठरला, तेव्हा एका जुन्या वर्गणीदारानं फोनवर विचारलं, ‘‘अहो, आपण लोखंड वितळवणारी माणसं. ‘स्मार्ट सिटी’चं आपल्याला काय?’’ प्रश्न रास्त होता. २०१५ साली केंद्रानं शंभर स्मार्ट शहरांची योजना आणली. पुणे, सोलापूर, नाशिक त्यात गेली, कोल्हापूर राहिलं. पण मला वाटतं, संगणकाच्या मदतीनं शहर कसं आखावं, हे सांगायचा अधिकार शिरोलीला कुणापेक्षाही जास्त आहे. कारण इथं रोज ते होतं, फक्त शहराच्या जागी कास्टिंग असतं.

कुठल्याही बऱ्या फौंड्रीत डोकावा. नवा जॉब आला की आता कुणी थेट पॅटर्न करायला घेत नाही. आधी तो संगणकावर ओतला जातो. पडद्यावर रस रनरमधून आत शिरतो, कडेच्या पातळ भिंती लवकर गार होतात, मधली जाड फासळी मात्र लाल राहते. श्रिंकेज येणार ते तिथंच. मग रायझर सरकवायचा, जाडी बदलायची, पुन्हा ओतायचं. असं आठ-दहा वेळा केलं तरी एक किलोही लोखंड खर्च होत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हेच आम्ही प्रत्यक्ष ओतून शिकायचो आणि रिजेक्शनच्या ढिगाकडं बघत हिशेब करायचो.

आता याच औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडून पुलाकडं या. पंचगंगेच्या पूररेषेत इथं जे काही उभं राहिलं, ते आधी पडद्यावर ओतून पाहिलं होतं का? २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. महामार्ग पाण्याखाली गेला. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर वाहतूक आठवडाभर खोळंबली, ट्रक जागच्या जागी उभे राहिले आणि पाण्याच्या वेढ्यातल्या शहराला नळाचं पाणी मिळेना, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. शिरोली ते तावडे हॉटेल या पट्ट्यात महामार्गाचा भराव पाणी अडवतो, तिथं पिलरचा पूल हवा, ही नदीकाठच्या गावांची मागणी जुनी आहे. भराव टाकण्याआधीच पडद्यावर पाणी सोडून पाहिलं असतं, तर हा वाद रस्त्यावर येण्याआधी कागदावर मिटला असता.

फौंड्रीत रिजेक्ट झालेला जॉब पुन्हा भट्टीत टाकता येतो. वीज वाया जाते, दिवस वाया जातो, पण लोखंड परत मिळतं. चुकीच्या जागी बसलेली वसाहत पुन्हा वितळवता येत नाही. म्हणून शहराला सिम्युलेशनची गरज कास्टिंगपेक्षा जास्त आहे.

पण इथं एक अनुभव सांगितला पाहिजे. गेल्या पावसाळ्यात माझ्या परिचयाच्या एका कारखान्यात एक जॉब पडद्यावर अगदी निर्दोष दिसत होता. प्रत्यक्षात पहिल्याच लॉटमध्ये ब्लोहोल. इंजिनिअर पोरगं हैराण. मोल्डिंगवरच्या जुन्या मिस्त्रींनी मूठभर वाळू घेतली, दाबली, अंगठ्यानं मोडून बघितली आणि म्हणाले, ‘‘पोरा, तुझ्या संगणकाला कुठलं कळतंय आज वाळू ओली हाय ते!’’ प्रोग्रॅममध्ये वाळूचे आकडे पुस्तकातले भरले होते. त्या दिवशीच्या वाळूत पावसाचा ओलावा होता. संगणक खोटं बोलला नव्हता. त्याला खरं कुणी सांगितलंच नव्हतं.

शहराचंही तसंच. नदीची निळी आणि लाल पूररेषा पात्राचे छेद आणि पुराचे आकडे घेऊन आखली जाते. पण त्यानंतर कुठं किती भराव पडला, कुठला ओढा पाइपात घालून वर गाळे बांधले, कुठली मोरी गाळानं भरली, हे नकाशाला कोण सांगणार? यात आपलाही वाटा आहे. फौंड्रीतली जळकी वाळू रात्री कुठल्या सखल जागेत रिकामी होते, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुठल्याच नकाशात नाही.

चुकीच्या मापानं काय होतं, याचं एक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९७०च्या सुमाराला तिथल्या महापालिकेनं रँड या संस्थेकडून गणिती मॉडेल करून घेतली आणि कुठली अग्निशमन केंद्रं कमी करता येतील ते ठरवलं. मॉडेलमध्ये मुख्य माप होतं बंब पोचायला लागणाऱ्या वेळेचं. बंद झालेली बरीच केंद्रं गरीब, दाट वस्त्यांतली निघाली, आणि ब्राँक्ससारखे भाग पुढं जळत राहिले. उलट, पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१९ साली मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या काळी संगणक नव्हता, पण त्याचा आग्रह एकच होता: आराखड्याआधी पाहणी. तो गल्लीबोळ पायी फिरायचा. मिस्त्रींची मूठ आणि गेडिसची पायपीट एकाच जातीची.

ही पाहणी करायची कुणी, इथं खरी अडचण सुरू होते. वसाहत एमआयडीसीची, तिथलं नियोजन तीच करते. पुलाची शिरोली आणि नागाव ही गावं ग्रामपंचायतींची. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. नदी जलसंपदा खात्याची. शहराभोवतालची ४२ गावं २०१७ साली नेमलेल्या नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडं. पूल ओलांडला की महापालिका. ती १९७२ साली झाली, पण हद्दवाढीचा वाद अजून चालूच आहे. प्रत्येकाकडं संगणक आहे, प्रत्येकाकडं नकाशा आहे, आणि प्रत्येकाचा नकाशा स्वतःच्या हद्दीवर संपतो. पाणी मात्र हद्द विचारत नाही.

म्हणून मोठाल्या पडद्यांची कंट्रोल रूम ही आपली पहिली गरज नाही. असल्या खोल्या उपयोगी पडतात. पुण्याची कोविडच्या काळात पडली. पण आधी हवा आहे एकच सामाईक नकाशा. त्यात भराव, मोऱ्या, ओढे, जलवाहिन्या, विजेची उपकेंद्रं सगळं असेल, नवं बांधकाम मंजूर करताना त्यावर पाणी सोडून बघितलं जाईल, आणि तो तुम्हा-आम्हाला मोबाइलवर दिसेल. तंत्र आता दुर्मीळ राहिलेलं नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीचं गावठाण ड्रोननं मोजून झालं, आणि पुढं तीच पद्धत देशभर गेली. कल्याण-डोंबिवलीनं दोन दशकांपूर्वीच महापालिकेचा कारभार संगणकावर नेऊन दाखवला.

लोकांना आकडे कळत नाहीत, असं कुणी म्हणू नये. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं कोल्हापूर फूट-इंचांत बोलतं. राधानगरी धरणाचं स्वयंचलित दार उघडलं की १४२८ क्युसेकचा निरोप भाजीवालीच्या फोनवरही येतो. धरणाची सातही दारं पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. पण दार उघडल्यावर पाणी कुणाच्या अंगणात, किती वाजता पोचणार, याचं उत्तर आजही नदीकाठच्या प्रयाग चिखली-आंबेवाडीतली म्हातारी माणसं भिंतीवरच्या जुन्या खुणा बघून देतात. त्या खुणा नकाशात आल्या पाहिजेत. त्याला निविदा लागत नाही. चार पोरं, एक फोन आणि म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायची तयारी एवढंच लागतं. पुढच्या पावसाळ्याआधी वसाहतीपासून सुरुवात करायला आमची तयारी आहे. तुमच्या कारखान्याच्या भिंतीवरची २००५, २०१९, २०२१ची रेघ जमिनीपासून मोजून आम्हाला कळवा. पुढच्या दिवाळी अंकात तो नकाशा छापू.

‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली सुरू केलेली दिवाळी अंकाची रीत आज फटाक्यांइतकीच आपल्या सणाचा भाग झाली आहे. यंदाच्या अंकात विषयावरचे लेख आहेत, तशाच कथा, कविता आणि भट्टीवरच्या कामगारांनी सांगितलेल्या आठवणीही आहेत.  

भाऊबीज उरकली की भट्ट्या पुन्हा पेटतील. पहिल्या हीटच्या आधी मिस्त्री सवयीनं वाळू मुठीत दाबतील, मोडून बघतील, आणि मगच म्हणतील, ‘‘वता.’’ तोवर चार दिवस निवांत वाचा, गोडधोड खा, घरच्यांना वेळ द्या.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर