कार्ड आहे, दार कोणते?

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी बोलणारी पुष्कळ गावे आहेत. तेथील मोतीबिंदूग्रस्त वृद्धाला सरकारी विम्याचे छत्र नाही, असे नव्हे. अविभाजित आंध्रात २००७ साली सुरू झालेली 'आरोग्यश्री' आहे; २०२१ पासून 'आयुष्मान भारत'ही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आरोग्यश्रीची मर्यादा १० लाख रुपये झाली. अडते ते रकमेपाशी नव्हे, दारापाशी. रुग्णालय योजनेत असले तरी तेथील नेत्रविभाग योजनेत असतोच असे नाही. आणि हे कळते ते मुलाची मजुरी बुडवून खिडकीशी पोहोचल्यावर! समोर यवतमाळ, पण आरोग्यश्रीला नदी ओलांडणे कठीण. आयुष्मानचे कार्ड परराज्यात चालते खरे, मात्र कोठे चालते हे सांगणार कोण? मुधोळचे एल. व्ही. प्रसाद संस्थेचे नेत्रकेंद्रही २०१६ च्या जिल्हाविभाजनानंतर निर्मलमध्ये गेले.

२०१८ मध्ये याच राज्याने 'कंटी वेलुगू' मोहिमेत गावोगावी डोळे तपासून चष्मे वाटले होते. त्याच गावांतील आरोग्यकेंद्रांच्या भिंतीवर, कोणती नेत्रशस्त्रक्रिया कोणत्या कार्डावर कोठे होते, याची तेलुगू व मराठीतील यादी लावणे आम्हांस अवघड दिसत नाही.