शेतीचा दर्जा मिळाला, पण धरणातला मासा वाढू कोण देणार?

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर गावोगावच्या बैठकांत एकच प्रश्न विचारला जातो, 'आम्हाला यातून काय मिळणार?' शेततळ्यात मासे वाढवणाऱ्यांसाठी उत्तर तसे सोपे आहे. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्डावर कर्ज, विमा, सौर पंपासारख्या योजना ही या निर्णयामागची मुख्य अपेक्षा आहे. तळे तुमचे, बीज तुमचे, खाद्य तुमचे आणि काढणीची तारीखही तुम्हीच ठरवणार. त्यामुळे शेततळेवाल्यांबद्दल इथे जास्त लिहीत नाही. कागदपत्रे तयार ठेवा आणि विजेच्या जोडणीचा वर्ग बदलून घेण्यासाठी अर्ज करा, एवढे पुरे.

खरा गुंता धरणात आणि नदीत मासे धरणाऱ्यांचा आहे. त्यांच्या नावावर ना जमीन, ना तळे. पाणी जलसंपदा विभागाचे, मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेकडे आणि जाळे मात्र ज्याचे त्याचे. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायाला लागू झाले ते २०१८-१९ च्या अर्थसंकल्पातून, म्हणजे या निर्णयाच्या कितीतरी आधी. गोड्या पाण्यातल्या मच्छीमाराला, बचत गटाला किंवा संयुक्त देयता गटालाही ते मिळू शकते. पण बँक विचारते, की पाण्यावर तुमचा हक्क कोणत्या कागदाने? ठेका संस्थेच्या नावावर असेल तर सभासदाने संस्थेचा दाखला आणि मासेमारीचा परवाना दोन्ही जवळ ठेवावेत. विस्तार कार्यकर्त्यांनी या एका कामात मदत केली तरी बरेच होईल.

कर्ज मिळाले असे धरू. त्यातून होडी आली, नवीन तंगुसाची जाळी आली. पण पाण्यात धरण्याजोगा मासाच नसेल तर हप्ता कशातून फेडणार?

पन्नास किलो की अडीचशे किलो

उजनीचे उदाहरण घेऊ, कारण राज्यातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे सगळे प्रश्न तिथे एकत्र दिसतात. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत त्याचे पाणी पसरले आहे आणि भिगवणचा मासळी बाजार त्यावरच उभा राहिला. आज त्या बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती चिलापी. कटला, रोहू, मृगळ येतात, पण हातभर लांबीचा कटला दिसला की लोक थांबून बघतात.

याचे एक कारण चिलापीच्या स्वभावात आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला. तीन-चार महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेकदा वितो आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. उलट कटला वयात यायलाच दोन ते तीन वर्षे घेतो. तो फक्त पावसाळ्यात आणि तेही वाहत्या पाण्यात वितो. तळ्यातल्या स्थिर पाण्यात या माशांची वीण आपोआप होत नाही. म्हणून तर १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन केलेल्या प्रजननाला एवढे महत्त्व आहे. तोच दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो.

दुसरे कारण मात्र माणसांचे आहे: लहान आसाची जाळी. काठावरून ओढत आणलेल्या बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर माशापासून सगळे गोळा होते. समजा एका ओढीत शंभर ग्रॅमचे ५०० कटले आले. वजन भरले ५० किलो. तेच मासे आणखी आठ-दहा महिने पाण्यात राहिले असते आणि त्यातले निम्मे मेले, सांडव्यातून वाहून गेले किंवा दुसऱ्या कोणी धरले, असे धरा. उरलेले २५० मासे चांगल्या खाद्याच्या पाण्यात किलोभराचे होतात. म्हणजे अडीचशे किलो. शिवाय किलोच्या कटल्याला मिळणारा दर बारीक मासळीला कधीच मिळत नाही.

हा हिशेब मच्छीमाराला कळत नाही असे अजिबात नाही. तो आपल्यापेक्षा चांगला कळतो. अडचण वेगळी आहे. शेतातला ऊस तुम्ही कोवळा तोडत नाही, कारण बांधाच्या आत दुसरा कोणी येऊन तो तोडणार नाही याची खात्री असते. पाण्याला बांध नाही. आज मी सोडलेला लहान कटला उद्या पलीकडच्या गावच्या जाळ्यात सापडणार असेल, तर मी तो का सोडावा? शेतीचा दर्जा देताना या प्रश्नाला हात लागलेला नाही. माझ्या मते वीजदर किंवा विमा यापेक्षा धरणातल्या मच्छीमारासाठी हा प्रश्न मोठा आहे.

आस मोजायला शिका

लहान आसाची जाळी बंद करा असे म्हणणे सोपे आहे, पण किती आस म्हणजे लहान? इथे थोडे खोलात जावे लागेल.

संध्याकाळी लावून पहाटे उचलतात ते उभे जाळे एका ठरावीक मापाचाच मासा धरते. लहान मासा आसातून आरपार जातो, फार मोठा मासा थडकून मागे फिरतो आणि मधल्या मापाचा कल्ल्यांशी अडकतो. आस मोजताना जाळे ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंतचे अंतर घ्यावे. माशाच्या अंगाचा घेर साधारणपणे या अंतराच्या अडीचपट असेल तर तो पक्का अडकतो. किलोभराच्या कटल्याचा घेर ३० सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्यासाठी १२० मिलिमीटर आस लागते. १०० मिलिमीटरच्या आसात अर्धा-पाऊण किलोचा मासा येतो.

आता दोनशे ग्रॅमच्या चिलापीचा विचार करा. तिच्यासाठी आस ६५-७० मिलिमीटरची हवी. नेमक्या याच आसात कटला-रोहूची वाढती पिल्ले अडकतात. उजनीसारख्या ठिकाणी चिलापीवर पोट असलेल्या माणसाला १०० मिलिमीटरचेच जाळे वापर म्हटले तर त्याचे घर चालणार नाही, आणि तो ऐकणारही नाही. त्यामुळे सरसकट आस ठरवण्यापेक्षा जागा आणि पद्धत वाटून घेणे मला जास्त व्यवहार्य वाटते. चिलापी काठच्या उथळ पाण्यात राहते, तिथेच घर करते. ती फेकजाळ्याने किंवा गळाने धरावी. फेकजाळ्यातला मासा जिवंत हातात येतो, तेव्हा लहान कटला वेगळा करून परत सोडता येतो. रात्रभर लावलेल्या जाळ्यातला मासा सकाळी मेलेलाच असतो, तो सोडून उपयोग नाही. खोल पाण्यात मात्र फक्त मोठ्या आसाचे जाळे लावावे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून जाळे किती खाली सोडले यावरही काय मिळेल हे ठरते.

गळाने मासेमारी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. गांडूळ किंवा कणकेच्या गोळीवर चिलापी भराभर लागते, मरळीला जिवंत बेडकाचे आमिष चालते. मरळीची जोडी काठच्या गवतात पिल्लांचा लालसर थवा राखत असते. तिथे गळ टाकला तर ती हमखास लागते आणि राखण करणारे आई-बाप गेले की थवा इतर माशांच्या पोटात जातो. थवा दिसला की तेवढी जागा सोडून द्यावी.

चढणीचे मासे आणि पहिला पूर

समुद्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते आणि तिची बातमी दरवर्षी होते. गोड्या पाण्यातल्या विणीच्या काळाची चर्चा तेवढी होत नाही, आणि राखणही तेवढी कडक दिसत नाही. खरे तर नदीतल्या माशाला तारीख कळत नाही, पाणी कळते. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला होता, आणि त्याच सुमारास बारामती, दौंड, इंदापूर भागात अतिवृष्टी झाली. मासे तेव्हाच चढायला लागले असणार. कॅलेंडरमधला जून उजाडायची वाट ते बघत नाहीत.

कोकणात आणि घाटाखाली याला चढणीचे मासे म्हणतात, रायगड-पालघरकडे वलगणीचे. पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे गढूळ वाहू लागले, की पोटात अंडी घेऊन मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात चढतात. रात्री बॅटऱ्या घेऊन निघायचे, कोयत्याने, काठीने किंवा बांबूच्या कामट्यांच्या सापळ्याने मासे धरायचे, ही तिथली जुनी रीत आहे. ती मोडा असे मी म्हणणार नाही. चार घरांनी एका रात्री कालवणापुरते मासे आणणे वेगळे आणि ओढ्याचे तोंडच जाळ्याने बंद करणे वेगळे. किलोभर वजनाच्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. ती घातल्यावर साधारण १५ ते १८ तासांत फुटतात, पुढचे तीन दिवस पिल्लू स्वतःच्या पोटातल्या बलकावर जगते. म्हणजे पहिल्या पुरानंतरचे दोन-तीन आठवडे सांभाळले तरी पुढच्या वर्षाचे बीज फुकट मिळते. धरणाच्या बाबतीत ही जागा म्हणजे फुगवट्याचे वरचे टोक, जिथे नदी पाण्यात येऊन मिळते. पहिल्या पुरात सगळ्यात जास्त जाळी नेमकी तिथेच लागतात.

म्हणून ग्रामसभेत ठराव करायचा असेल तर तो तारखेचा नको, पुराचा करा: 'पहिले गढूळ पाणी आल्यापासून २१ दिवस ओढ्याच्या तोंडाशी आणि फुगवट्याच्या टोकाला जाळे नाही.' सरकारी आदेश आला तर उत्तमच, पण त्यासाठी थांबू नका. देवाच्या नावाने डोह राखण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. वाडा तालुक्यात वैतरणेवरच्या तिळसे येथे आणि महाडजवळ वाळणकोंडीला मंदिरापाशी महसीर आजही निर्धास्त फिरतात, ते कोणत्याही आदेशाशिवाय.

शेतकरी म्हणून तुमचा यात थेट वाटा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मासे चढतात त्याच पंधरवड्यात भातात तणनाशक पडते. ब्युटाक्लोरसारखे तणनाशक माशांना घातक आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी कीटकनाशके तर अगदी सूक्ष्म मात्रेतही मासे मारतात. तणनाशक टाकल्यावर खाचराची मुसे बंद ठेवा, निदान काही दिवस ते पाणी ओढ्यात सोडू नका. यात तुमचाही फायदा आहे, कारण औषध शेतातच राहते. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी टाकूच नका. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका, ते पाणी बांधावर पडीक जागेत ओता.

मुद्दाम औषध किंवा ब्लीचिंग पावडर टाकून, जिलेटिन उडवून मासे मारणारेही आहेत. विष आणि स्फोटके वापरून मासेमारी १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असे मासे विकत घेऊ नका आणि खाऊही नका. विजेचा करंट पाण्यात सोडणे तर माणसाच्याच जिवावर उठते, आणि सगळ्यात आधी ज्याने तार टाकली त्याच्या.

बीज सोडताना

धरणात मत्स्यबीज सोडण्याचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. संस्थेने फक्त एवढे पाहावे की सोडले ते काय. नखाएवढे बीज मोठ्या जलाशयात सोडणे म्हणजे मरळीला आणि शिंगाड्याला जेवण घालणे आहे. सोडायची ती ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली. त्यासाठी जलाशयाच्या काठावरच जाळीच्या बंदिस्त भागात किंवा जवळच्या शेततळ्यात दोन-तीन महिने बीज वाढवून घ्यावे लागते. काठच्या शेतकऱ्याच्या शेततळ्याला हे एक चांगले काम मिळू शकते: जुलैत बीज घ्यायचे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोटुकली संस्थेला विकायची. शेतीचा दर्जा, स्वस्त वीज आणि कर्ज यांचा धरणाशी खरा सांधा मला इथे दिसतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पिंजऱ्यांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. पण पिंजऱ्याला रोज खाद्य लागते. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्या खाली गेली होती, तसे पाणी हटले तर पिंजरा कुठे हलवणार, हे आधी ठरवावे लागते. लहान संस्थेने सुरुवात बोटुकलीपासून करावी असे मी सुचवेन.

बीज विकत घेताना त्यात मांगूर नाही ना, हेही बघा. केंद्राने बंदी घातलेल्या आफ्रिकन मांगूरची चोरटी तळी जलाशयांच्या काठी सापडली आहेत, आणि पुरात अशा तळ्याचा बांध फुटला की तो मासा परत गोळा करता येत नाही.

संस्थेची वार्षिक सभा पावसाळ्याआधी असेल, तर विषयपत्रिकेत दोनच विषय घाला. पहिला, कोणत्या भागात कोणती आस. दुसरा, पुरानंतरच्या २१ दिवसांत राखण कोण करणार आणि त्याची मजुरी कोणत्या खात्यातून देणार. दुसरा विषय रेंगाळला तर पहिल्याचा ठराव फक्त कागदावर राहतो, म्हणून मजुरीचा आकडा त्याच सभेत लिहून घ्या.