धुके आणि निरोप

आपल्या गोव्यात धुके म्हणजे मांडवीवरची पांढरी सकाळ आणि आंब्याच्या मोहोराची काळजी. त्याचा खरा दरारा कळतो तो डिसेंबर-जानेवारीत गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला निघालेल्या माणसाला. भोपाळ मागे पडले की गाडी रखडू लागते आणि वेळापत्रक कागदावरच राहते.

धुके दोन तऱ्हांनी जन्मते. जमिनीवर, निरभ्र रात्री भुई निवते, तिच्यालगतची ओलसर हवाही निवते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. समुद्रावर बहुधा उबदार, दमट वारा थंड पाण्यावरून वाहतो तेव्हा. १९१२ साली टायटॅनिक बुडाली. पुढच्याच वर्षी जी. आय. टेलर हा तरुण शास्त्रज्ञ 'स्कोशिया' जहाजावरून न्यूफाउंडलंडच्या समुद्रात गेला आणि पतंगांना उपकरणे बांधून त्याने धुक्याचे हे गणित मांडले. आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१५ पासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा चिकाटीने अभ्यास चालवला आहे. काम सोपे नाही. तापमानातल्या एखाद्या अंशाच्या फरकानेही धुके पडते किंवा हुलकावणी देते. तरीही अंदाज सुधारले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण अंदाज सुधारला म्हणजे माणूस वाचला असे होते का? इथे भोपाळच आठवते. २ डिसेंबर १९८४ ची ती रात्र. धुके जन्मते तशाच थंड, जवळजवळ निश्चल हवेत युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. हवेहून जड असा तो वायू वर न जाता वस्त्यांवरून जमिनीलगत पसरला. हवा अशी का वागते हे विज्ञानाला तेव्हाही ठाऊक होते. पण ओला फडका तोंडावर धरा, एवढा साधा निरोपही वेळेवर घराघरांत पोचला नाही. हजारो माणसे गेली.

म्हणून वाटते, अंदाजाची परीक्षा संगणकावर होऊ नये, ती जेटीवर व्हावी. विमानाला धावपट्टीवरची दृश्यता मीटरांत सांगणारी यंत्रणा असते. मालिमच्या जेटीवरून पहाटे ट्रॉलर काढणाऱ्या तांडेलाला, घाटातून भाजी आणणाऱ्या ट्रकवाल्याला काय सांगितले जाते? 'मध्यम ते दाट धुक्याची शक्यता' हे वाक्य अचूक असेल, पण त्यातून त्याने काय करायचे ते कळत नाही. 'पहाटे चार ते आठ शंभर मीटरपलीकडचे दिसणार नाही, उशिरा निघा' हे मराठीत, कोंकणीत, त्याच्या कानावर, आदल्या संध्याकाळी पडले पाहिजे.

यंत्रांवर खर्च होतो तो व्हावाच. मात्र निरोप पोचवण्यावरचा खर्च हा विज्ञानाचाच खर्च मानला पाहिजे. हवेचा स्वभाव आपण बदलू शकत नाही. शेजाऱ्याला वेळेवर हाक मारणे तरी आपल्या हातात आहे.