कोरी कॉफी, फुल्ल स्वाद!

आमच्या सातारा-सांगलीकडे कोरी कॉफी म्हणजे एकतर दूध संपलंय, नाहीतर कुणाचं तरी पोट बिघडलंय! पाहुण्यापुढे बिनदुधाचा कप ठेवणं हा तर चक्क कंजूषपणा. मग ऑफिसमधल्या ज्या मैत्रिणीला दूध पचतच नाही, ती घरी आल्यावर काय नुसतं पाणी पिऊन जाणार?

खरं तर बॉस, दूधच इथे व्हिलन आहे. उकळत्या दुधात गूळ पडला की ते बऱ्याचदा फुटतं. ताज्या आल्यानेही कधीकधी तीच गत. मग साताऱ्याच्या शेतातलं आलं आणि सांगलीच्या मार्केट यार्डातला गूळ बिनधास्त भेटणार कुठे? कोऱ्या कॉफीत! तमिळनाडूतली ‘चुक्कू कापी’ही सुंठ आणि ताडगुळाच्या जोडीवरच चालते.

फंडा सोपा आहे. 2 कप पाण्यात इंचभर आलं ठेचून घाला. 2 मिरे, 1 वेलदोडा आणि दालचिनीचा छोटा तुकडा टाकून 5 मिनिटं उकळा. गॅस बंद करा आणि मगच 2 मोठे चमचे फिल्टर कॉफीची पावडर घाला. पावडर उकळली की कॉफी कडवट होते. 4 मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि कपामागे चमचाभर किसलेला गूळ विरघळवा. झक्कास!

आणि हो, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं म्हणून तीही यात ढकलू नका. ती आपली दुधातच शोभते.