परदेशी कोण, हे ठरवायचे कोणी?

२०२५ च्या जून महिन्यात मुंबईच्या परिसरात पोटापाण्यासाठी आलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशी ठरवून पकडण्यात आले, सीमेवर नेण्यात आले आणि पलीकडे लोटून देण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने त्यांच्या नागरिकत्वाची ग्वाही दिल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीत पकडल्या गेलेल्या बीरभूम जिल्ह्यातील एका गर्भवती स्त्रीची गत याहून वाईट झाली. तिला पती आणि मुलासह सीमेपार धाडण्यात आले. तेथे बांगलादेशच्या पोलिसांनी घुसखोर म्हणून त्यांना अटक केली. २६ सप्टेंबर रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने ही हद्दपारी रद्दबातल ठरवली, तरी त्या बाईला मायदेशाचे तोंड दिसले ते डिसेंबरमध्ये, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर. ज्या देशाची ती आहे त्याने तिला बाहेर काढावे आणि ज्या देशाची म्हणून काढले त्याने तिला परकी म्हणून कोठडीत घालावे, असा हा प्रकार आहे.

एवढ्या मोठ्या देशात अशा दोन-चार चुका व्हायच्याच, असे म्हणून हा विषय निकालात काढणारे पुष्कळ आहेत. पण चूक आणि चुकीची पद्धत यांत फरक असतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२५ च्या मे महिन्यातील सूचनांनुसार संशयिताने आपले मूळ गाव भारतात असल्याचे सांगितले तर संबंधित राज्याकडून पडताळणी करून घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत होती. बीरभूमच्या कुटुंबाच्या बाबतीत ही मुदत पाळण्याइतकाही धीर कोणाला राहिला नाही. पडताळणी झाली असती तर चूक झालीच नसती. म्हणजे दोष एखाद्या अधिकाऱ्याच्या नजरेचा नव्हे. पायरी गाळण्याचा आहे.

परक्या माणसाला देशाबाहेर काढण्याच्या सरकारच्या अधिकाराविषयी वाद नाही. हान्स म्युलर या जर्मन गृहस्थाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच हा अधिकार निरंकुश असल्याचे सांगून टाकले आहे. तथापि म्युलर जर्मन आहे, याविषयी त्या खटल्यात कोणाला शंका नव्हती. आजचा सारा तंटा त्याच्या अलीकडच्या टप्प्यावरचा आहे. समोरचा माणूस परदेशी आहे, हे आधी ठरले पाहिजे. मग तो निरंकुश अधिकार सुरू होतो. ते ठरवायचे कोणी, कोणत्या पुराव्यावर आणि त्याचे म्हणणे किती ऐकून? पोलीस ठाण्यातील फौजदाराने बोलीभाषेच्या हेलावरून ते ठरवायचे असेल, तर मालद्याचा गवंडी आणि राजशाहीचा गवंडी यांत तो कसा फरक करणार? दोघांची भाषा एक, लुंगी एक, आणि पुष्कळदा नावेही तीच.

घटनाकारांना हा प्रश्न नवा नव्हता. आपल्या घटनेत जेथे हक्क केवळ नागरिकांचा आहे तेथे 'नागरिक' हा शब्द आहे. भाषणस्वातंत्र्याचे एकोणिसावे कलम पाहावे. समानतेचे चौदावे आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे एकविसावे कलम मात्र 'व्यक्ती'विषयी बोलते. एकविसाव्या कलमात 'यथोचित न्यायप्रक्रिया' ही अमेरिकन शब्दयोजना असावी की 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' एवढेच असावे, यावर १९४८ च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत कडाक्याचा वाद झाला. दुसऱ्या पक्षाची सरशी झाली. पण त्याने समाधान न झालेल्या सभासदांची संख्या एवढी होती की १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांना भरपाई म्हणून एक नवे कलम मांडावे लागले. तेच आजचे बाविसावे कलम: अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे.

या कलमाचा तिसरा खंड सहसा कोणी वाचत नाही. ही संरक्षणे शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला मिळणार नाहीत, असे तो खंड सांगतो. परदेशी माणसाला ती मुळातच लागू नसती, तर शत्रुदेशीयाला वेगळे वगळण्याचे कारण काय होते? म्हणजे शत्रू नसलेल्या परदेशी माणसालाही चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क आहे, हे घटनेच्या मजकुरातच बसलेले आहे. त्याला ट्रकमध्ये घालून रात्रीतून सीमेवर नेणे हे कोणत्याही कार्यपद्धतीत बसत नाही. पुढे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, तेव्हा १९४८ चा वाद एका अर्थी उलटा फिरला.

हे सारे ऐकून आसामी माणूस विचारील की, तुमच्या या कार्यपद्धतीने आम्हांला काय दिले? या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. १९७९ साली मंगलदई लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीच्या निमित्ताने मतदारयाद्यांतील नावांचा प्रश्न उपस्थित झाला आणि त्यातून सहा वर्षांचे आंदोलन उभे राहिले. आपल्याच भूमीत आपली भाषा अल्पसंख्याकांची होईल ही भीती काल्पनिक नव्हती; शेजारच्या त्रिपुरात मूळच्या आदिवासींचे तसे झालेले सर्वांना दिसत होते. या आंदोलनाच्या काळातच, १८ फेब्रुवारी १९८३ रोजी, नेल्लीच्या परिसरात सुमारे दोन हजार माणसे कापली गेली, हेही विसरता येत नाही.

त्याच १९८३ साली केंद्र सरकारने खास आसामपुरता एक कायदा केला. देशात इतरत्र १९४६ च्या परदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्यानुसार आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावर होता. आसामात तो भार सरकारवर आणि तक्रारदारावर टाकण्यात आला. तक्रारदार तीन किलोमीटरच्या आत राहणारा हवा, त्याने फी भरली पाहिजे, अशा अटी घालण्यात आल्या. हेतू अल्पसंख्याकांचा छळ थांबवण्याचा होता, असे सांगण्यात आले. परिणाम काय झाला? ३० एप्रिल २००० पर्यंत ३,१०,७५९ चौकशा सुरू झाल्या, १०,०१५ माणसे बेकायदा स्थलांतरित ठरली आणि प्रत्यक्षात बाहेर काढली गेली १,४८१. तेवढ्याच सुमाराच्या काळात पश्चिम बंगालने जुन्या कायद्याने पावणेपाच लाखांहून अधिक माणसे परत पाठवली होती. १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, यात नवल नव्हते. कार्यपद्धती ही निकाल लागू नये म्हणून रचली की तिच्या नावावर कायमचा डाग पडतो. आज 'सुनावणी' हा शब्द उच्चारला की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांच्या आठीचे मूळ तेथे आहे.

पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. भार पुन्हा संशयितावर आला. परदेशी व्यक्तींविषयीचा जुना कायदा रद्द करून १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही तो तसाच ठेवला आहे. या तत्त्वात काही अर्थ आहे, हे मान्य केले पाहिजे. माणूस कोठे जन्मला, त्याचे आईबाप कोण, हे जेवढे त्याला ठाऊक तेवढे सरकारला कोठून असणार? ज्याच्या खास माहितीतील गोष्ट त्याने ती सांगावी, हा पुराव्याच्या कायद्याचा जुनाच नियम आहे. अडचण एवढीच की ठाऊक असणे वेगळे आणि कागदाने सिद्ध करणे वेगळे.

शाळेच्या दाखल्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्या शिक्षकांना आणि कारकुनांना हे अधिक सांगायला नको. महाराष्ट्रात १ जून या दिवशी जेवढी मुले जन्मली असे आपली शालेय दप्तरे सांगतात, तेवढी निसर्गात जन्मणे अशक्य आहे! शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे. गुरुजी सोयीची तारीख घालत. लग्नानंतर आपल्याकडे मुलीचे आडनावच नव्हे, कित्येक घरांत पहिले नावही बदलते. माहेरच्या 'सुमन'चे आणि सासरच्या 'वैशाली'चे नाते कोणत्या कागदावर आहे? मराठीतील एक नाव इंग्रजीत लिहिताना तीन कचेऱ्यांत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आपले हे सारे खपून जाते, कारण आपल्याला कोणी विचारीत नाही. आसामात विचारले गेले. नागरिक नोंदवहीच्या वेळी लाखो विवाहित स्त्रियांकडे माहेर जोडून दाखवणारा ग्रामपंचायतीचा दाखला एवढाच आधार होता. २०१७ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो निरुपयोगी ठरवला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा ग्राह्य मानला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अखेरची यादी लागली तेव्हा १९,०६,६५७ माणसे बाहेर राहिली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यावरून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मग कोणत्या कागदावरून ठरतो, याचे सुटसुटीत उत्तर मात्र आपल्या कायद्यात नाही.

या प्रश्नाचा निवाडा आसामात जी न्यायाधिकरणे करतात ती १९६४ च्या आदेशान्वये स्थापन झालेली आहेत. त्यांचे सदस्य कंत्राटी मुदतीवर नेमले जातात; मुदतवाढ देणे सरकारच्या हाती. २०१७ साली काही सदस्यांना ती नाकारण्यात आली, तेव्हा त्यांच्या कामाच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात कोणी किती टक्के माणसे परदेशी ठरवली याचाही हिशेब होता, असे कागदपत्रांवरून बाहेर आले. हे वाचून कोणत्याही न्यायाधीशाला शरम वाटावी. जो सरकारच्या विरुद्ध निर्णय देईल त्याची नोकरी जाईल, अशी व्यवस्था असेल तर तिला न्यायाधिकरण हे नाव देण्यात अर्थ नाही. १९८५ पासून २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत ६३,९५९ माणसांना त्यांच्या गैरहजेरीत परदेशी ठरवण्यात आल्याचे सरकारनेच लोकसभेत सांगितले. २०१९ च्या मे महिन्यात लष्करात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थालाही स्थानबद्धता केंद्रात जावे लागले होते.

११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या अंधारात वाट दाखवणारा आहे. आसाममधील एका खेडुताला २०१२ साली त्याच्या गैरहजेरीत परदेशी ठरवले गेले होते. कागदांत दोष काय, तर नावांच्या लेखनातील फरक आणि तारखांची तफावत. न्यायालयाने सांगितले की, भार संशयितावर असला तरी वाटेल त्याचे दार ठोठावून 'नागरिकत्व सिद्ध कर' असे म्हणण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. संशयाला आधार काय, ते सरकारने प्रथम दाखवले पाहिजे आणि तो आधार त्या माणसाच्या हाती दिला पाहिजे. मग भार त्याच्यावर जातो. दोन पायऱ्यांची ही पद्धत १९८३ चा कायदा आणि त्याच्या उलट टोक या दोहोंपेक्षा शहाणपणाची आहे. निकालाने तो खेडूत भारतीय ठरला. तो त्यापूर्वीच वारला होता, ही बातमी मागाहून वर्तमानपत्रांत आली.

राहिला आश्रयाचा प्रश्न. येथे तर कायदाच नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसले, गडचिरोलीत मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व बंगालचे निर्वासित वसले. त्यांना जागा दिली ती सरकारी निर्णयांनी, कायद्याने मिळालेल्या हक्काने नव्हे. सरकारची मर्जी होती म्हणून ते भले झाले. ज्यांच्यावर मर्जी नाही त्यांचे काय? चकमांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे जीवित राखण्याचे कर्तव्य राज्य सरकारवर टाकले. जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२१ रोजी त्याच न्यायालयाने हद्दपारी रोखण्यास नकार दिला. विहित कार्यपद्धती पाळावी, एवढेच सांगितले. एकाला अभय आणि दुसऱ्याला बाहेरची वाट, यामागे काही सयुक्तिक भेद असेलही. पण तो संसदेने केलेल्या कायद्यात वाचता येत नाही. खासगी सभासदांनी आणलेली विधेयके लोकसभेच्या दप्तरात पडून राहिली. घुसखोर आणि जिवाच्या भीतीने पळून आलेला निर्वासित यांच्यात फरक करणारी चाळणीच नसेल, तर सीमेवरचा जवान दोघांनाही एकाच नजरेने पाहणार. त्याला दोष कसा द्यावा?

नव्या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती करून २०२४ च्या निकालातील दोन पायऱ्या स्पष्ट शब्दांत घालणे, न्यायाधिकरणांवर जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाची माणसे उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमणे आणि त्यांची मुदत सरकारच्या हाती न ठेवणे, एवढे संसदेच्या एका अधिवेशनात होण्यासारखे आहे. आणि महाराष्ट्र सरकारला तर तेवढीही वाट पाहण्याची गरज नाही. मुंबई, ठाणे आणि मीरा रोड येथे ज्यांना परदेशी समजून पकडले जाते त्यांना चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि त्यांच्या गावच्या जिल्हाधिकाऱ्याचे उत्तर येईपर्यंत त्यांना राज्याबाहेर हलवू नये, असा आदेश गृहखात्याला उद्या सकाळी काढता येईल.