मनगटावरच्या कॅलरींचा हिशेब

मनगटावरच्या पट्ट्याबद्दल दोन मतं ठामपणे मांडली जातात. पहिलं, त्यावरचा कॅलरींचा आकडा म्हणजे शरीराचा खरा जमाखर्च. दुसरं, तो आकडा चुकतो, तेव्हा सगळं यंत्रच खेळणं. मला दोन्ही मान्य नाहीत.

पट्ट्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर टिपतो ते त्वरण. कॅलरी त्याला दिसतच नाही. ती पुढे समीकरणातून काढली जाते. पॅटी फ्रीडसन आणि सहकाऱ्यांचं 1998 चं समीकरण संशोधनात वर्षानुवर्षं वापरलं गेलं; ते कंबरेला सेन्सर बांधून ट्रेडमिलवर चालणाऱ्या-पळणाऱ्या 50 प्रौढांवरून बांधलेलं आहे. सपाट वाटेवरच्या चालण्याला ते बऱ्यापैकी लागू पडतं. पण विटांची पाटी डोक्यावर घेऊन जिना चढणाऱ्या मजुराचं काय? त्याची कंबर रिकाम्या हातांनी चालणाऱ्यापेक्षा जास्त हलत नाही. ओझ्याची आणि चढाची किंमत त्याचे स्नायू मोजतात, कंबरेचा सेन्सर नाही. सायकलस्वाराचीही तीच गत.

हृदयाचे ठोके जोडले की अंदाज सुधारतो, हे खरं. प्रश्न मात्र सुटत नाही. उकाड्याने आणि मनावरच्या ताणानेही ठोके वाढतातच. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये सात उपकरणं 60 जणांवर तपासली. सहा उपकरणांची ठोक्यांतली चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली. ऊर्जाव्ययात मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं, सर्वांत वाईट 93 टक्के. अशा आकड्याच्या भरवशावर कुणी जेवणाचं ताट वाढवू-घटवू नये, मधुमेह असलेल्याने तर नाहीच.

म्हणून पट्टा फेकून द्यायचा? मुळीच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत 2003-04 मध्ये लोकांच्या कंबरेला सेन्सर बांधले, तेव्हा पुरेसा व्यायाम करणारे प्रौढ 5 टक्क्यांहूनही कमी निघाले; लोकांच्या तोंडी उत्तरांवरून हे प्रमाण कितीतरी पट मोठं दिसत होतं. पोहणं, सायकल चालवणं त्या यंत्रातून निसटलं, हा आक्षेप रास्त आहे, पण एवढी दरी त्याने भरत नाही. आपण किती बसून असतो, हे आपल्या आठवणीपेक्षा हे यंत्र चांगलं सांगतं. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ने तर 2013 ते 2015 मध्ये लाखाहून अधिक लोकांची सात-सात दिवसांची मनगटाची हालचाल नोंदवली आणि तिचं मुख्य माप सरासरी त्वरण हेच ठेवलं. मला हा मार्ग योग्य वाटतो.

कंपन्यांनी कॅलरींचा एकच आकडा छातीठोकपणे दाखवणं थांबवावं, शक्यतेची कक्षा द्यावी आणि आपलं समीकरण कोणत्या लोकांवर तपासलं ते जाहीर करावं. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-18 असलेलं पाणी पाजून, आठ-पंधरा दिवस लघवी तपासून खरा ऊर्जाव्यय काढण्याची पद्धत उपलब्ध आहे. महाग आहे, तरीही आपल्याकडे विकले जाणारे पट्टे त्या कसोटीवर आधी हमाल, गवंडी आणि शेतमजूर बायांच्या अंगावर घासून पाहावेत.