सांगकाम्या, आता थांब!

बालदोस्तांनो, भिवंडीत यंत्रमागाच्या शेडजवळून गेलात, तर तो खटाक्-खटाक् आवाज कानात बसतोच. आतला कारागीर काय करत असतो, बघितलंय? डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत असतो! जुन्या साध्या मागावर ताण्यातला धागा तुटला, तरी माग आपला विणतच राहतो आणि कापडातला दोष लांबत जातो. माग थांबवायचा, धागा सांधायचा, तो माणसानंच.

संगणकातही असंच घडतं बरं का! मराठी विकिपीडियावर आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला झकास नाव आहे : सांगकाम्या. इंग्रजीतला बॉट. सांगितलं तेवढंच करायचं, पण न कंटाळता करायचं.

भिवंडीवरचा मराठी लेख उघडलात की हिंदी, इंग्रजी अशा इतर भाषांतल्या लेखांकडे जाता येतं ना? पूर्वी हे दुवे प्रत्येक लेखाच्या पोटात वेगवेगळे लिहावे लागत. आता गणित करा. लेख ५० भाषांत असेल, तर प्रत्येकात बाकीच्या ४९ भाषांचे दुवे. ५० गुणिले ४९, झाले २४५०! एक्कावन्नावी भाषा आली की पुन्हा पन्नासही लेखांत बदल. हातानं कोण करणार? म्हणून जगभरचे स्वयंसेवक सांगकामे चालवत. त्यांचा प्रोग्रॅमही खुला, कुणीही उघडून बघावा, सुधारावा असा.

पण सांगकाम्या तो सांगकाम्याच! समजा, कुणी गडबडीत भिवंडीच्या लेखात हरियाणातल्या भिवानीचा दुवा घातला. त्याला काय कळणार? ही चूकही तो भाषेभाषेत पोचवू शके.

मग २९ ऑक्टोबर २०१२ रोजी विकिडेटा सुरू झालं. सगळे दुवे एकाच यादीत. २४५० ऐवजी फक्त ५० नोंदी! जानेवारी २०१३ मध्ये आधी हंगेरियन विकिपीडियानं ही पद्धत घेतली, आणि मार्चपर्यंत ती मराठीसह सगळीकडे आली.

तुम्ही म्हणाल, झालं, जुने सांगकामे गप्प बसले असतील. छे! त्यांना कुणी सांगितलं? जुना प्रोग्रॅम चालूच राहिला, तर काढलेले दुवे तो पुन्हा लेखात आणून टाकणार. एकानं काढायचे, दुसऱ्यानं घालायचे! शिवाय मान्यता मिळालेल्या सांगकाम्याचे बदल 'अलीकडील बदल'च्या यादीत एरवी दिसत नाहीत, नाहीतर माणसांचे बदल त्यांत बुडून जातील. म्हणजे मालक विसरलेला सांगकाम्या काय उद्योग करतोय, ते चटकन कळायचं नाही. म्हणून चालकांनी एकतर त्याला नवी पद्धत शिकवायची, नाहीतर थांबवायचं. काम न उरलेल्याची मान्यताही काढून घ्यायची.

भिवंडीत माग भंगारात जातो तेव्हा कारागिराच्या पोटाचा प्रश्न असतो. इथे तसं नव्हतं. तरी वर्षानुवर्षं जपलेला प्रोग्रॅम आपल्याच हातानं बंद करणं सोपं नसणार, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे लेखांतले जुने दुवे उपसायचं कामही सांगकाम्यांनीच केलं! 'अ‍ॅडबॉट' नावाचा एक तर त्यासाठी कितीतरी भाषांत फिरला. २०१३ पूर्वीचा एखादा मराठी लेख उघडा, त्याच्या इतिहासावर टिचकी मारा आणि त्या वर्षापर्यंत खाली जा. दुवे विकिडेटावर नेल्याची सांगकाम्याची ओळ बहुधा सापडेल. किती दुवे निघाले, तो आकडाही तिथेच असतो. कुणाला सगळ्यात मोठा आकडा सापडतो, ते आम्हांला कळवा बरं!